अँटिलोप, ओरेगॉन: चाळीसेक माणसांचं गाव मतदार यादीतून कसं गेलं आणि कसं परत आलं

रजनीशांचं अमेरिकेतलं प्रकरण म्हटलं की लोकांना ९३ रोल्स रॉइस, लाल-केशरी कपडे, त्यांची सचिव शीला आणि ते सॅलडमधले जंतू एवढंच आठवतं. पुण्यात तर कोरेगाव पार्कमुळे प्रत्येकाकडे एखादा ऐकीव किस्सा असतोच. पण या सगळ्या गोष्टीत जे गाव एखाद्या वाक्यात येऊन जातं त्या अँटिलोपकडे मला जरा नीट बघायचंय, कारण माझ्या मते ही केस अध्यात्माची कमी आणि लोकसंख्येची जास्त आहे. गावात माणसं किती, मतदार यादीत नावं किती आणि कायदा कोणाला कुठे राहू देतो, यातूनच पुढचं बरंचसं घडत गेलं. चार आकडे लक्षात ठेवा: ३९, ९७, ७९ आणि ३४. एकेक करून सगळे येतील.

आधी गाव. ओरेगॉन म्हटलं की पाऊस, धुकं, उंच हिरवी झाडी असं चित्र डोळ्यासमोर येतं, पण ते कॅस्केड डोंगररांगेच्या पश्चिमेचं. रांग ओलांडून पूर्वेला गेलात की सगळं कोरडं, पिवळट गवताचे डोंगर, सेजब्रशची झुडपं आणि मधेमधे ज्युनिपर. अँटिलोप या बाजूला, वास्को काउंटीत, सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या एका खोऱ्यात. काउंटीचं मुख्य ठिकाण द डॅल्स, कोलंबिया नदीकाठी, तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. १८६२ मधे कॅन्यन सिटीकडे सोनं सापडलं आणि द डॅल्सहून तिकडे माणसं, खेचरं, मालाच्या गाड्या यांची रीघ लागली. त्या वाटेवर पाणी आणि चारा मिळणारं खोरं म्हणून इथे मुक्कामाचा टप्पा झाला. १८६३ च्या सुमाराला हॉवर्ड मॉपिन नावाचा माणूस इथे घोडागाड्यांचं ठाणं सांभाळायचा. पायूट या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा नेता पॉलिना याला १८६७ मधे गोळी घालून मारणारा तो हाच मॉपिन. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे याच गावात "आक्रमण" हा शब्द अक्षरशः धातूच्या पाटीवर कोरला जाणार आहे, आणि त्या खोऱ्यावर हक्क सांगणारं पहिलं माणूस काही १९८० च्या दशकातलं नव्हतं.

१८७१ मधे पोस्ट ऑफिस आलं. मग मेंढ्या आल्या, गुरं आली, लोकर आली, दुकानं, दारूचे गुत्ते, स्वतःचं वर्तमानपत्र, सगळं आलं. १८९८ मधे आग लागून बाजारपेठ जळाली, लोकांनी परत बांधली. पण खरा फटका आगीचा नव्हता, रेल्वेचा होता. १९०० मधे कोलंबिया सदर्न रेल्वे शानिकोपर्यंत आली आणि तिथेच थांबली. शानिको म्हणजे अँटिलोपपासून जेमतेम १३ किलोमीटर. आसपासची सगळी लोकर शानिकोच्या गोदामांत जायला लागली, व्यापारीही तिकडे सरकले. आणि गंमत बघा, अँटिलोपची नगर म्हणून रीतसर नोंदणी झाली ती १९०१ ला, म्हणजे चांगले दिवस संपायला लागल्यावर. पुढे दहा-अकरा वर्षांत डेशूट्स नदीच्या बाजूने दुसरी रेल्वे थेट बेंडपर्यंत गेली आणि शानिकोचाही धंदा बसला. म्हणजे ज्याने अँटिलोपचं खाल्लं त्याचंही कोणीतरी खाल्लं. लहानपणी काही काळ या गावात राहिलेला आणि इथल्या छापखान्यात खिळे जुळवलेला एच. एल. डेव्हिस हा लेखक पुढे १९३६ मधे कादंबरीसाठी पुलित्झर घेऊन गेला, गावाच्या वाट्याला आलेली तेवढीच काय ती साहित्यिक कीर्ती.

त्यानंतरची ऐंशी वर्षं म्हणजे अमेरिकेतल्या हजारो खेड्यांची गोष्ट. पोरं शिकायला बाहेर, परत कोण येणार, शेतीत यंत्रं आली आणि हात कमी लागले, म्हातारे मागे राहिले. १९८० च्या जनगणनेत अँटिलोपची लोकसंख्या ३९. हा आपला पहिला आकडा. एक दुकान-कम-कॅफे, पोस्ट, शाळा, चर्च, काही घरं. बरेचसे निवृत्त लोक आणि आसपासच्या गुरंवाल्यांचं येणंजाणं. पण लक्षात घ्या, नगर म्हणून नोंदणी मात्र शाबूत होती. म्हणजे ३९ लोकांना महापौर होता, कौन्सिल होतं, कर लावायचा अधिकार होता, बांधकाम परवाने द्यायचा अधिकार होता. या केसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि १९८० साली गावात कोणी त्याकडे संपत्ती म्हणून बघत असेल असं मला वाटत नाही.

आता दुसरी बाजू. रजनीशांचा पुण्यातला आश्रम १९७४ पासूनचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी गर्दी एवढी झाली की कोरेगाव पार्क पुरेना, मोठ्या जागेसाठी कच्छपासून आपल्या सासवडपर्यंत प्रयत्न झाले पण सरकारी परवानग्या, कराची भांडणं वगैरे मधे काही जमेना. १९८१ मधे रजनीशांनी जाहीर बोलणं बंद केलं, जूनमधे ते अमेरिकेला गेले, आणि जुलैमधे शीलाने ओरेगॉनमधे बिग मडी रँच नावाची जागा घेतली. सुमारे ६४ हजार एकर, किंमत ५७.५ लाख डॉलर. ६४ हजार एकर म्हणजे साधारण २६० चौरस किलोमीटर, तेही गुरांनी चरून चरून उघडा पडलेला डोंगराळ भाग. ऑगस्टअखेर रजनीश तिथे पोचले. रँचपासून सगळ्यात जवळचं गाव कोणतं, तर कच्च्या रस्त्याने तीसेक किलोमीटरवरचं अँटिलोप.

इथे एक कायदा समजून घ्यायला लागेल, त्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. आपल्याकडे शेतजमिनीवर काही बांधायचं तर आधी एनए करून घ्या म्हणतात ना, ओरेगॉनमधे त्याचा फार कडक अवतार आहे. १९७३ मधे राज्याने जमीन वापराचा कायदा केला, शेतीची जमीन शेतीसाठीच, शहरं ठरलेल्या हद्दीच्या आत. बिग मडी रँच पूर्ण शेती झोनमधे. तिथे शेतीला लागतील तेवढीच माणसं आणि तेवढीच घरं चालणार. ऑफिसं, छपाई, पुस्तकं-कॅसेटचा पोस्टाने चालणारा धंदा, हजारो माणसांची वस्ती, यातलं काहीही शेतीत बसत नव्हतं. या कायद्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणारी 'वन थाउजंड फ्रेंड्स ऑफ ओरेगॉन' नावाची संस्था होती, तिने लगेच हरकत घेतली. त्यांचं म्हणणं सरळ होतं, शहरी कामं शहरी हद्दीत करा. आणि जवळची शहरी हद्द कुठली? ३९ माणसांचं अँटिलोप.

म्हणजे बघा, शेतजमीन वाचवायला केलेल्या चांगल्या कायद्यानेच हे लोक त्या गावाकडे ढकलले गेले. सुरवातीला त्यांनी अँटिलोपमधे थोडेच प्लॉट घेतले होते. मग पोस्टाने माल विकायच्या धंद्यासाठी परवाना मागितला, कौन्सिलने नाही म्हटलं. माझ्या मते इथेच चाक फिरलं. नकार द्यायचा गावाला हक्क होता, पण परवाना देणारं कौन्सिल निवडून येतं, आणि निवडून आणायला लागणारी मतं किती, तर विसेक. समोरच्याकडे पैसा आणि माणसं दोन्ही अमाप. त्यांनी घरं विकत घ्यायला सुरवात केली आणि त्यात माणसं आणून ठेवली. यात बेकायदेशीर काही नव्हतं, हे लक्षात घ्या. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या वेळी यादीत नावं घुसडली की बोगस म्हणून तक्रार करता येते. इथे माणसं खरंच त्या घरात राहत होती, अमेरिकन नागरिक होती, बोगस कशाला म्हणणार?

गावाच्या लक्षात आलं की पुढची निवडणूक आपल्या हातून जाणार. मग त्यांनी एक जबरदस्त विचार केला, जो मला या अख्ख्या केसमधला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात करुण भाग वाटतो. कौन्सिल ताब्यात जाणार असेल तर कौन्सिलच ठेवायचं नाही. नगराची नोंदणीच रद्द करून टाकायची, ८१ वर्षांचं नगर कायद्याने संपवायचं, म्हणजे कारभार काउंटीकडे जाईल आणि बळकावायला काही उरणारच नाही. पण नोंदणी रद्द करायलाही मतदान लागतं. ते झालं १५ एप्रिल १९८२ ला. रद्द करा म्हणणारे ४२, नको म्हणणारे ५५. गाव हरलं.

जरा या आकड्यांवर थांबा. ५५ आणि ४२ मिळून ९७, हा आपला दुसरा आकडा. दोन वर्षांपूर्वी लहान पोरं धरून ३९ माणसं असलेल्या गावात आता ९७ मतं पडली. रँचवाल्यांनी माणसं भरली हे उघडच आहे. पण ४२ सुद्धा ३९ पेक्षा जास्त आहेत! संन्यासी, म्हणजे रजनीशांचे अनुयायी, काही नोंदणी रद्द करा म्हणून मत देणार नव्हते, म्हणजे हरणाऱ्या बाजूलाही जनगणनेनंतर नवीन नावं चढलेली होती. गावाची बाजू सांगताना हे सहसा कोणी बोलत नाही. आणि दुसरं, समजा १९८० चे सगळेच्या सगळे ३९, अगदी पाळण्यातलं मूल धरून, एका बाजूने उभे राहिले असते तरी ५५ पुढे हरलेच असते. म्हणजे एकी नव्हती, आळस केला, वगैरे काही म्हणायला जागाच नाही. गणितातच हार होती.

महिन्याभराने, १८ मे १९८२ ला, रँचवर वेगळं मतदान झालं. तिथे स्वतंत्र नगर करायचं का? १५४ विरुद्ध ०. रजनीशपुरम जन्माला आलं. आता कोणी म्हणेल की स्वतःचं शहर मिळालं तर मग अँटिलोप सोडून का नाही दिलं? कारण रजनीशपुरमची नोंदणी कोर्टात अडकलेली होती, शेती झोनमधे शहर वसवता येतं का हाच वाद होता. ते रद्द झालं तर हातात कायदेशीर शहर एकच उरत होतं. अँटिलोप त्यांच्यासाठी विम्याची पॉलिसी होती म्हणा ना. नोव्हेंबर १९८२ च्या निवडणुकीत महापौरपद आणि कौन्सिल दोन्ही त्यांच्याकडे गेलं.

त्यानंतर गावात जे झालं ते मोठं भयंकर वगैरे नव्हतं, रोजचं टोचणारं होतं. एकुलता एक कॅफे 'झोर्बा द बुद्ध' नावाचं शाकाहारी उपहारगृह झाला. गुराख्यांच्या मुलखात शाकाहारी कॅफे, विचार करा. कर वाढले. रजनीशपुरमची 'पीस फोर्स' नावाची पोलिस तुकडी गावात गस्त घालायला लागली आणि तिचा खर्च गावाच्याच तिजोरीतून. गावच्या बागेत नग्न ऊन खायला अधिकृत परवानगी दिली, जी मला तरी डिवचण्यासाठीच वाटते, २६० चौरस किलोमीटर स्वतःची जागा असताना त्यासाठी या बागेची गरज काय होती? रस्त्यांची नावं बदलली. शाळेवरचा ताबाही गेला, मग जुन्या रहिवाशांनी पोरं बसने मद्रासला पाठवायला सुरवात केली (चेन्नई नाही हो, ओरेगॉनमधेही मद्रास नावाचं गाव आहे), म्हणजे रोज साठ-पासष्ट किलोमीटर एका बाजूने. घर विकून जावं म्हटलं तर गिऱ्हाईक कोण? फक्त तेच.

म्हाताऱ्या माणसांच्या बाजूने विचार केला तर यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे बघितली की फुटकळ वाटते. कॅफेचं नाव बदललं, बरं. रस्त्याची पाटी बदलली, बरं. पण ज्या गावात एकच कॅफे, एकच बाग आणि एकच शाळा, तिथे ते एक गेलं की सगळंच गेलं. हजार वस्तीच्या गावात लोक दुसऱ्या टपरीवर जाऊन बसले असते आणि तिथून शिव्या दिल्या असत्या.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूचंही थोडं ऐकायला हवं. रँचवर त्यांनी धरण बांधलं, शेती उभी केली, ओसाड जमिनीवर झाडं लावली, विमानतळ, बससेवा, सांडपाण्याची सोय, तीन-चार वर्षांत हजारो माणसांचं चालतंबोलतं शहर केलं, उन्हाळ्यातल्या उत्सवाला पंधरा हजारांपर्यंत गर्दी व्हायची. आणि ओरेगॉनमधल्या लोकांनी त्यांना काही कमी त्रास दिला नाही, धमक्या, द्वेषाचे टी-शर्ट, सगळं झालं. परदेशी गुरू, लाल कपडे, मोकळे लैंगिक विचार, ख्रिश्चन खेडं, ठिणगी पडायला आणखी काय लागतं. पण माझा मुद्दा असा आहे की हे सगळं बाजूला ठेवलं तरी निकाल तोच लागला असता. अंगावर लाल कपड्यांऐवजी साधे कपडे असलेली एखादी खाण कंपनी असती तरी ३९ माणसांचं कौन्सिल तेवढ्याच सहज गेलं असतं.

सप्टेंबर १९८४ मधे कौन्सिलने पुढचं पाऊल टाकलं, गावाचं नाव बदलून 'रजनीश' करायचं मतदान. ५७ विरुद्ध २२. बेरीज ७९, हा तिसरा आकडा. ९७ वरून ७९ एवढंच बघितलं तर फार काही वाटत नाही, पण विरोधातली मतं बघा. एप्रिल १९८२ ला ४२ होती, आता २२. अडीच वर्षांत विरोध निम्म्यावर आला. कोणी विकून गेलं, कोणी नुसतंच गेलं, कोणी मत द्यायला आलं नाही, कारण काहीही असो, गाव रिकामं कसं होतं ते या एका वजाबाकीत दिसतं. नकाशावर, सरकारी भूगोल मंडळाच्या नोंदीत, नाव बदललं. फक्त टपाल खात्याने बदललं नाही. पोस्ट ऑफिस शेवटपर्यंत अँटिलोपच राहिलं, म्हणजे 'रजनीश' गावाला पत्र पाठवायचं तर पत्त्यावर अँटिलोप लिहायचं.

आणि आता तीच युक्ती मोठ्या प्रमाणावर करायचं त्यांनी ठरवलं. वास्को काउंटीची लोकसंख्या सुमारे २१ हजार. नोव्हेंबर १९८४ ला काउंटी कमिशनच्या जागांची निवडणूक होती, आणि जमिनीच्या परवानग्या काउंटीच्या हातात. अँटिलोपमधे पन्नास माणसं पुरली, इथे हजारो लागणार. मग 'शेअर अ होम' नावाचा कार्यक्रम काढला, देशभरातल्या शहरांतून बेघर लोकांना बसमधे घालून रँचवर आणायला सुरवात केली, खायला-प्यायला, राहायला फुकट, आणि हजारोंनी माणसं आली. दुसरीकडे विरोधी मतं कमी करायचा प्रयोग म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमधे द डॅल्समधल्या दहा रेस्टॉरंटच्या सॅलड बारमधे साल्मोनेलाचे जंतू टाकले. ७५१ लोक आजारी पडले, नशिबाने मेलं कोणी नाही. बातम्यांत हे नेहमी विषाची गोष्ट म्हणून येतं. पण बारकाईने बघा, हेही मतदार यादीचंच गणित होतं, एका बाजूने बेरीज आणि दुसऱ्या बाजूने वजाबाकी.

ते फसलं कारण इथे समोर ३९ माणसं नव्हती, राज्य होतं. ओरेगॉनच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातल्या निवडणुका बघणारं पद) नॉर्मा पॉलस यांनी वास्को काउंटीतली नवीन मतदार नोंदणी सरसकट थांबवली आणि प्रत्येक नवीन मतदाराची समोरासमोर सुनावणी घ्यायची पद्धत लावली, खरंच इथे राहायचा इरादा आहे का ते तपासायला. त्यासाठी वकिलांची फौज उभी केली. रँचवाल्यांनी मग निवडणुकीतून अंग काढून घेतलं. आणि ज्या बेघर लोकांना आणलं होतं त्यांचं काय, तर बसमधे बसवून आसपासच्या गावांत नेऊन सोडलं, काहींना तर बियरमधून गुंगीचं औषध दिलं जात होतं हे नंतर बाहेर आलं. या लोकांबद्दल एकाही बाजूला फारसं काही वाटलेलं दिसत नाही, आणि सगळ्या प्रकरणात मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. मत मिळेपर्यंत पाहुणा, नंतर थंडीत रस्त्यावर.

पुढचा शेवट बहुतेकांना माहीत आहे म्हणून पटकन सांगतो. सप्टेंबर १९८५ मधे शीला आणि तिची माणसं युरोपात पळाली, रजनीशांनी स्वतःच पत्रकारांपुढे तिच्यावर आरोप केले, पोलिस रँचवर आले, जंतूंचा साठा सापडला. २८ ऑक्टोबरला शार्लटच्या विमानतळावर रजनीशांना अटक झाली, नोव्हेंबरमधे इमिग्रेशनच्या गुन्ह्यांत तडजोड करून ४ लाख डॉलर दंड भरून ते देश सोडून गेले. पुढे १९८७ ला पुण्यात परत, १९९० ला तिथेच निधन. शीलाला शिक्षा झाली, त्यातला काही भागच तुरुंगात काढून सुटली.

अँटिलोपपुरतं बघायचं तर तारीख महत्त्वाची ती ६ नोव्हेंबर १९८५. नाव परत अँटिलोप करायचं मतदान, ३४ विरुद्ध ०. चौथा आकडा. शून्य बघून वाटतं की सगळे संन्यासी निघून गेले असतील, पण तसं नाही, जुने रहिवासी आणि उरलेले संन्यासी दोघांनीही मत दिलं, आणि सगळ्यांचं मत एकच. म्हणजे जाताजाता तरी समजूतदारपणा झाला. पण गाव स्वतःच्या ताकदीने परत मिळवलं असं मात्र मी म्हणणार नाही. तीस किलोमीटरवरची वस्ती आतून कोसळली म्हणून गाव सुटलं. ती कोसळली नसती तर आज नकाशावर कदाचित दुसरंच नाव दिसलं असतं.

आता गावाच्या पोस्टाजवळ झेंड्याच्या खांबाशी धातूची पाटी आहे. १९८१ ते ८५ च्या "रजनीश आक्रमण आणि कब्जा" या काळात जे राहिले, लढले आणि विसरले नाहीत त्यांना ती अर्पण केली आहे. कब्जा हा शब्द अतिशयोक्तीचा आहे का? मतदानातून आलेल्या कौन्सिलला कब्जा म्हणायचं का यावर वाद घालता येईल, मी तरी राहणाऱ्यांच्या बाजूने थोडा झुकतो, कारण रोज बाजारात जाताना ज्यांना हत्यारबंद गस्त दिसायची त्यांनी कुठला शब्द वापरावा हे मी पुण्यात बसून काय सांगणार. फक्त त्या पाटीशेजारी पायूट लोकांबद्दलही एक ओळ असती तर बरं झालं असतं.

कोर्टाचा भाग तर अजून भारी आहे. रजनीशपुरमची नगर म्हणून नोंदणी कायदेशीर होती का, तो खटला वर वर जात राहिला आणि ओरेगॉनच्या सुप्रीम कोर्टात १९८७ मधे संपला. निकाल त्यांच्या बाजूने. शहर कायदेशीर ठरलं, तेव्हा तिथे शहर म्हणून कोणी राहत नव्हतं. आणि हा निकाल पाच वर्षं आधी लागला असता तर? मग त्यांना अँटिलोपची गरजच पडली नसती, ही शक्यता मला फार बोचते. जमिनीचा कायदा आणि कोर्टाचा वेळ, दोन्हीची किंमत तिसऱ्याच गावाने भरली.

रँच पुढे १९९१ मधे मोंटानातले उद्योगपती डेनिस वॉशिंग्टन यांनी घेतली, मग यंग लाइफ या ख्रिश्चन संस्थेला दिली. १९९९ पासून तिथे किशोरवयीन मुलांची उन्हाळी शिबिरं भरतात. रजनीशांची प्रवचनं व्हायची ती अवाढव्य इमारत आता खेळांचा हॉल आहे. आणि हो, शेती झोनचा अडथळा यांनाही आलाच, पण यांच्यासाठी विधिमंडळाने युवक शिबिरांची तरतूद करून वाट काढून दिली. कोणाला वाट मिळते आणि कोणाला नाही यावर ज्याने त्याने आपापलं मत बनवावं.

गावाच्या लोकसंख्येचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९९० ला ३४, २००० ला ५९, २०१० ला ४६, २०२० ला ३७. म्हणजे चाळीस वर्षांनी परत जवळजवळ तिथेच. मधला तो फुगवटा १९८० आणि १९९० अशा दोन जनगणनांच्या मधे बरोबर मावून गेला, त्यामुळे नुसता दर दहा वर्षांचा तक्ता बघणाऱ्याला ३९ आणि नंतर ३४ एवढंच दिसतं, मधे काही झालं याचा पत्ताच लागत नाही. खेड्यांचा इतिहास जनगणनेच्या तक्त्यावरून लिहिणाऱ्यांनी हे गाव मुद्दाम तपासावं असं मला वाटतं.

कायद्यात मात्र खूण राहिली. त्या काळात ओरेगॉनमधे मतदानाच्या अगदी तोंडावर नाव नोंदवता यायचं, आणि चाळीस माणसांच्या गावात त्याचा काय अर्थ होतो ते सगळ्यांनी बघितलं होतं. नोव्हेंबर १९८६ मधे राज्यातल्या मतदारांनी 'मेझर १३' नावाचा प्रस्ताव मंजूर केला आणि निवडणुकीच्या किमान २० दिवस आधी नोंदणी पाहिजे ही अट थेट राज्यघटनेत घातली. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आज मतदानाच्या दिवशीसुद्धा नाव नोंदवता येतं, पोस्टाने मतदान अख्ख्या राज्यात पहिल्यांदा आणणाऱ्या ओरेगॉनमधे मात्र ते अजूनही चालत नाही. पण २० दिवसांची अट अँटिलोपला वाचवू शकली असती का? नाही. १९८२ च्या एप्रिलमधे मत देणारे त्याच्या कितीतरी आधी घरं घेऊन राहायला आलेले होते.